कंपनी सुटल्यावरचा प्रश्न

माणसानं कशासाठी जगायचं, हा पोट भरलेल्यांचा प्रश्न आहे, असं आमच्या भागात सर्रास बोललं जातं. ज्याला पहाटे फर्स्ट शिफ्टची बस गाठायची आहे, ज्याच्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता आहे, ज्याची मुलगी यंदा बारावीला आहे, त्याला असल्या विचारांना सवड कुठली? सवडीबद्दलचं हे म्हणणं खरं आहे. पण तेवढ्यावरून प्रश्नच परका ठरवणं मला मान्य नाही. कासारवाडीत हयात घालवताना मी पाहिलं ते असं, की हा प्रश्न इथे घरोघरी पडतो. फक्त ग्रंथातल्या शब्दांत पडत नाही. सात महिन्यांचं कंत्राट संपल्यावर गेटपास परत करून खोलीवर येणाऱ्या पोराला तो पडतो. मशीनवर बोट गमावलेल्याला पडतो. आणि सगळ्यांत उघडपणे पडतो तो अठ्ठावन्न पूर्ण झालेल्या माणसाला. निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतं, खात्यातले मित्र घरापर्यंत सोडायला येतात. दुसऱ्या दिवशी पहाटे तो सवयीनं उठतो, अंघोळ उरकतो, कपडे करून खुर्चीत बसतो. बायको विचारते, "अहो, कुठे निघालात?" आणि त्याला उत्तर सापडत नाही.

अडीच हजार वर्षांत विचारवंतांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरं पुढच्या प्रकरणांत मराठीत मांडली आहेत. ती मांडताना एक तपासणी मी प्रत्येक ठिकाणी केली. उत्तर देणारा माणूस कुणाच्या श्रमावर जगत होता, आणि त्याच्या उत्तरात त्या श्रम करणाऱ्याला जागा आहे का? तत्त्वज्ञानाचे इतिहास सहसा ही चौकशी करत नाहीत. कासारवाडीत बसून लिहिणाऱ्याला ती टाळता येत नाही.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करावी लागते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्यानं विचारलं : सुताराचं काम ठरलेलं असतं, चामड्याचं काम करणाऱ्याचंही ठरलेलं असतं, डोळ्याला काम आहे, हाताला आहे, पायाला आहे, मग माणसाला केवळ माणूस म्हणून काही काम नसेल का? त्याचं उत्तर असं, की विवेकाला धरून, गुणांची जोपासना करत, आणि तेही पुरं आयुष्यभर जगणं हेच माणसाचं काम, आणि त्यातच त्याचं भलं. हे उत्तर थोर आहे. एखाद्या दिवसाच्या आनंदावरून आयुष्य सुखाचं ठरत नाही, ते अख्खं तोलावं लागतं, हे इतक्या स्पष्टपणे त्याच्याआधी ग्रीसमध्ये फार थोड्यांनी सांगितलं असेल. पण याच ॲरिस्टॉटलनं राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात लिहून ठेवलं, की उत्तम राज्य कारागिराला नागरिक करून घेणार नाही. मजुरीचं जिणं जगणाऱ्याला सद्गुणाचा अभ्यास करता येत नाही. गुलामगिरीचं समर्थनही त्यानं केलं. म्हणजे सिद्धान्त मांडायला सुताराचं उदाहरण घेतलं, आणि सिद्धान्त मांडून झाल्यावर सुताराला उंबऱ्याबाहेर ठेवलं. आजही "हे आपलं काम नव्हे" असं आमचा माणूस म्हणतो, तेव्हा ॲरिस्टॉटलचा तो निकाल त्यानं नकळत मान्य केलेला असतो.

आमच्या स्टेशनवरून लोणावळ्याची लोकल धरली, की पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव करत मळवली येतं. मळवलीच्या एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. कार्ल्याच्या बौद्ध लेण्यातल्या चैत्यगृहातले ब्राह्मी लेख मुद्दाम पाहून घ्या असं मी सांगतो. कोरीव कामाला दान देणाऱ्यांची नावं तिथे दगडात आहेत : श्रेष्ठी आहेत, यवन आहेत, सुगंधी द्रव्यं विकणारा आहे, आणि दाराचं काम करणारा सुतारही आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका सुताराचं नाव उपासनेच्या जागेच्या दारावर कोरलं गेलं. दुःख का आहे आणि त्यातून सुटका कशी, हा बुद्धाचा प्रश्न होता. तो ऐकायला आणि त्याच्यासाठी पदरचं द्यायला कारागिराला मज्जाव नव्हता. मुंबई-पुण्याच्या घाटवाटेवर तत्त्वज्ञानाचा टिकून राहिलेला जुना पुरावा हा असा आहे.

ग्रीसमध्येही ॲरिस्टॉटलचा शब्द शेवटचा ठरला नाही. एपिक्युरसनं अथेन्समध्ये आपल्या बागेत शाळा भरवली, तीत बायका आणि गुलामही येत. गरजा कमी ठेवा, मित्र जोडा, मरणाची भीती सोडा, एवढंच त्याचं सांगणं; पुढे लोकांनी त्याला चैनबाज ठरवून अन्याय केला. स्टोइकांमध्ये तर एपिक्टीटस जन्मानं गुलाम आणि मार्कस ऑरेलियस रोमचा सम्राट. दोघांचा विचार एकच : जे आपल्या हातात नाही त्यावर जीव जाळू नये, जे हातात आहे ते नीट करावं. हा विचार आमच्याकडे सध्या फार चालतो. कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत स्टोइकांचं नाव न घेता तो शिकवला जातो. पण तिथे त्याचा निम्माच भाग पोचतो. सगळी माणसं एकाच नगराची नागरिक आहेत आणि एकमेकांशी न्यायानं वागणं हे प्रत्येकाचं पहिलं कर्तव्य आहे, हा स्टोइकांचा दुसरा निम्मा भाग. तो काढून घेतला, की उरतं ते फक्त सोसण्याचं शिक्षण. स्टोइकांवरच्या प्रकरणात मी हा दुसरा भाग मुद्दाम विस्तारानं दिला आहे.

कासारवाडीचं भाग्य असं, की महाराष्ट्राच्या दोन मोठ्या उत्तरांच्या वाटा आमच्या दारावरून जातात. नाशिक फाट्यावरून भोसरीमार्गे आळंदी, आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं पुढे गेलं की देहू.

आळंदीचं उत्तर आधी. ज्ञानदेवांना आपण ज्ञानेश्वरीकार म्हणून ओळखतो, पण तत्त्वज्ञ म्हणून त्यांची खरी झेप 'अमृतानुभवा'त आहे. जग ही माया, भ्रम, असं मानणाऱ्या मताचं त्यांनी तिथे खंडन केलं. त्यांच्या लेखी जग हा चैतन्याचा विलास आहे. परमात्मा स्वतःच या सगळ्या रूपांनी नटला आहे. डॉ. शं. दा. पेंडसे यांनी ज्ञानेश्वरांच्या तत्त्वज्ञानावरच्या ग्रंथात हा चिद्विलासवाद सविस्तर उलगडला आहे. जगण्याच्या अर्थाशी याचा संबंध सरळ आहे. जग खोटं असेल, तर लेथवर घालवलेली तीस वर्षंही खोटी आणि त्यांतून बाहेर पडणं एवढंच शहाणपण. जग हा विलास असेल, तर त्या तीस वर्षांनाही मोल आहे. वाट्याला आलेलं कर्म नीट करणं हीच ईश्वराची पूजा, असं ज्ञानेश्वरी सांगते ते या पायावर. त्याच काळात सावता माळ्यानं मळ्यात, गोरा कुंभारानं चाकावर, नरहरी सोनारानं भट्टीपाशी आणि जनाबाईनं जात्यावर ते उत्तर जगून दाखवलं. ॲरिस्टॉटलनं उंबऱ्याबाहेर ठेवलेला कारागीर इथे स्वतः बोलू लागला, आणि आपल्या हत्यारांच्या भाषेत बोलू लागला. जगाच्या विचारेतिहासात ही घटना लहान नाही. मराठी माणसानं तिचा अभिमान भजनापुरता ठेवला आहे, याची मला खंत वाटते.

देहूचं उत्तर वेगळं, कारण ते दुष्काळातून आलं. तुकोबांच्या घरी वाण्याचा व्यवसाय आणि सावकारी होती. १६३०च्या दुष्काळानं दुकान बसलं, पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. परंपरा सांगते, की भावाशी वाटणी करून आपल्या हिश्श्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. जगण्याचा अर्थ शोधायला निघालेल्या माणसानं आधी दुसऱ्यांच्या मानेवरचं जोखड उतरवलं, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यानंतर भंडारा, घोराडेश्वर आणि भामचंद्र या डोंगरांवरचा एकांत. घोराडेश्वरची लेणी मुळात बौद्ध. तुकोबा तिथे बसले तेव्हा त्या दगडात आधीच शतकानुशतकांचं चिंतन मुरलेलं होतं. भामचंद्रावर त्यांना साक्षात्कार झाला अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आज त्याच डोंगराच्या भोवती चाकणची औद्योगिक वसाहत पसरली आहे. देशभरच्या रस्त्यांवर धावणाऱ्या कितीतरी गाड्या त्या परिसरात जुळवल्या जातात.

तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम हलवून पुण्याकडे निघते ती कासारवाडीवरून. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभं राहिलं, तर एक दृश्य हमखास दिसतं. कंपनीच्या युनिफॉर्ममधला एखादा तरुण, गळ्यात आयकार्ड, हातात केळ्यांची पिशवी, दिंड्यांचे क्रमांक वाचत उलट दिशेनं चालत असतो. तो मूळचा बीडचा, लातूरचा किंवा परभणीचा. त्याच्या गावची दिंडी कुठे आहे ते तो शोधत असतो. ती सापडली, की चुलता भेटतो, शेजारची म्हातारी भेटते. तो खाली बसून म्हातारीच्या पायाला तेल चोळतो, ती पावसाचं विचारते, तो ड्युटीचं सांगतो. दहा मिनिटांत दिंडी पुढे सरकते आणि तो सेकंड शिफ्टला जातो. ॲरिस्टॉटलनं मैत्रीवर आपल्या नीतिशास्त्रात दोन अख्खी पुस्तकं खर्च केली, कारण मित्रांवाचून भलं आयुष्य त्याला अशक्य वाटत होतं. त्याला काय म्हणायचं होतं ते मला या रस्त्यावर कळलं.

तरीही वारीच्या उत्तरापाशी थांबता येत नाही. चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारासमोर आहे, आत नाही. भक्तीनं त्यांच्या जगण्याला अर्थ दिला. दार मात्र उघडलं नाही. त्याचा जाब विचारणारा माणूस आमच्याच लोकलच्या वाटेवर येऊन गेला. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धर्मांतराला अजून जवळजवळ दोन वर्षं होती. पंढरपूरचा विठोबा मुळात बुद्धच आहे आणि त्यावर आपण लिहिणार आहोत, हेही त्यांनी तिथे सांगितलं. त्या मताबद्दल संशोधकांत वाद आहेत. मला त्यातली ओढ महत्त्वाची वाटते : देहूपासून हाकेच्या अंतरावर उभं राहून ते तुकोबांच्या दैवतावरही आपला हक्क सांगत होते.

त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. जगण्याच्या अर्थाबद्दल विसाव्या शतकात महाराष्ट्रातून जे लिहिलं गेलं, त्यात मी या ग्रंथाला पहिलं स्थान देतो. जन्म, जरा, मरण हेच दुःख असेल आणि ते अटळ असेल, तर धर्म माणसाला निराशेखेरीज काय देणार, असा प्रश्न त्यांनी पारंपरिक बौद्ध मांडणीलाच विचारला. त्यांच्या मांडणीत दुःखाचा मोठा भाग माणसानं माणसाला दिलेला आहे, आणि धम्म म्हणजे माणसामाणसातला न्याय्य व्यवहार. बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी दुसरी बाजूही सांगितली : पोटाचा प्रश्न सुटला म्हणजे माणसाचा प्रश्न सुटला असं होत नाही, मनालाही अन्न लागतं. या दोन विधानांना एकत्र धरून ठेवणं अवघड आहे. बहुतेक विचारवंत एक धरतात आणि दुसरं सोडतात. या पुस्तकात कुणाला झुकतं माप दिलं असेल, तर ते दोन्ही धरणाऱ्यांना.

या बाबतीत पुण्यातला टिळक-आगरकरांचा वाद पुन्हा वाचण्यासारखा आहे. शाळेतून आपल्याला तो 'आधी सामाजिक की आधी राजकीय' एवढाच शिकवतात. त्याच्या तळाशी जगण्याच्या अर्थाचा वाद होता. १८८२ साली दोघं डोंगरीच्या तुरुंगात एकत्र होते आणि तिथे त्यांचे वाद रंगत. आगरकरांना परलोक नको होता, ईश्वराचा आधार नको होता. मिल आणि स्पेन्सर वाचलेल्या या माणसाचा विश्वास होता, की माणसाचं सुख वाढवणं आणि दुःख कमी करणं एवढ्यावर आयुष्य उभं राहू शकतं. त्यांनी ते उभं करून दाखवलं. एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी घेणार नाही, पोटापुरतं घेऊन लोकांच्या कामाला लागेन, असं त्यांनी आईला कळवलं. १८९५ साली, चाळिशीही न गाठता, ते गेले.

टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात पेन्सिलीनं लिहिलं. ते १९१५ला छापून आलं. ज्ञान झाल्यावर कर्म सोडायचं, या संन्यासमार्गी अर्थाविरुद्ध त्यांनी कांट, ग्रीन, मिल या सगळ्यांची साक्ष काढत दाखवलं, की ज्ञान्यानंही लोकसंग्रहासाठी शेवटपर्यंत काम करत राहिलं पाहिजे. इथे एक गोष्ट बोलून टाकतो. फळाची आशा सोडा, हे वाक्य आमच्या भागात पगारवाढ मागणाऱ्याच्या तोंडावर फेकलं जाताना मी ऐकलं आहे. तो टिळकांचा अर्थ नव्हे. आसक्ती सोडायची, न्याय सोडायचा नाही. ज्या सहा वर्षांच्या शिक्षेत हा ग्रंथ लिहिला गेला, ती शिक्षा १९०८च्या जुलैत सुनावली गेली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला होता. 'गीतारहस्या'च्या मागे हा संप उभा आहे, हे वाचकानं विसरू नये.

युरोपात कामाचा आणि अर्थाचा संबंध मार्क्सनं नव्यानं विचारला. १८४४ची त्याची टिपणं तो हयात असताना छापलीच गेली नाहीत. ती १९३२ला बाहेर आली. कामगार कामावर असतो तेव्हा स्वतःपासून दूर असतो, आणि काम सुटल्यावर स्वतःकडे परततो, हे त्यातलं निरीक्षण नाशिक फाट्यावर शिफ्ट सुटताना कुणालाही पडताळून पाहता येईल. पण मार्क्स कारखान्यात उभा राहिला नव्हता. उभी राहिली सिमोन वेल. फ्रान्समधली ही तत्त्वज्ञानाची शिक्षिका १९३४च्या डिसेंबरात नोकरीवरून रजा घेऊन पॅरिसमधल्या एका कारखान्यात प्रेसवर रुजू झाली, पुढे रेनॉमध्ये मिलिंग मशीनवर. रोज किती नग काढले, किती बाद गेले, दर काय लागला, याची वही तिनं ठेवली. तिची प्रकृती नाजूक होती, हात मंद होते, टार्गेट क्वचितच पुरं व्हायचं. तिला वाटलं होतं, की छळ झाला की माणूस बंड करून उठतो. तिला आढळलं उलटं. थकवा माणसाला आज्ञाधारक करतो. आणि विचार करू लागलं की हात मंदावतो, म्हणून माणूस विचार करणंच थांबवतो. पुढे तिनं संस्कृत शिकून गीता वाचायला घेतली. १९४३ साली चौतिसाव्या वर्षी ती वारली. सवडीचा मुद्दा मी सुरुवातीला खरा म्हटला तो तिच्या वहीमुळे. विचार न करणं हा इथल्या माणसाचा स्वभाव नव्हे. कामाच्या गतीनं ते त्याच्यावर लादलेलं असतं.

वेलवरचं प्रकरण आम्ही कासारवाडीतल्या एका खोलीत मोठ्यानं वाचलं. या पुस्तकातली बरीच पानं तिथे गुरुवारी संध्याकाळी वाचली गेली, कारण एमआयडीसीला वीकली ऑफ गुरुवारचा. त्याच खोलीत आल्बेर कामूच्या सिसिफसवर चर्चा झाली. देवांनी शिक्षा दिलेला सिसिफस दगड डोंगरावर ढकलत नेतो, तो गडगडत खाली येतो, हा पुन्हा ढकलतो, असं कायमचं. कामूनं १९४२ला लिहिलं, की आपलं नशीब डोळे उघडे ठेवून पत्करणाऱ्या त्या माणसाला सुखी समजायला हवं. ऐकणाऱ्यांत प्रेसशॉपमधले एक ऑपरेटर होते. त्यांचं काम असं : ब्लँक डायमध्ये ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, स्ट्रोक खाली येतो, जॉब काढून बिनमध्ये टाकायचा, पुढचा ब्लँक घ्यायचा. दोन बटणं अशासाठी, की स्ट्रोकच्या वेळी एकही हात डायमध्ये राहू नये. ते म्हणाले, "त्याला शिक्षा कुणी दिली ते सांगितलंत, पण ती देण्याचा त्यांना अधिकार काय, ते या पुस्तकात कुठेच विचारलेलं नाही." कामूवर पुष्कळ टीका वाचूनही हा आक्षेप मला इतक्या थेट शब्दांत कुठे भेटला नव्हता. विश्वाच्या मौनाशी झगडणारा माणूस कामूला दिसला. दगड वाटून देणारे त्याच्या त्या निबंधात दिसत नाहीत.

त्याच संध्याकाळी एका ताईंनी दुसरा आक्षेप घेतला : सिसिफसचा डबा कोण करत होतं? सिमोन द बोव्हारनं १९४९ला स्त्रियांवरच्या आपल्या ग्रंथात घरकामाला सिसिफसच्या दगडाची उपमा दिली होती, हे त्या ताईंना ठाऊक नव्हतं. भांडी घासायची, ती पुन्हा खरकटी होणार. निवृत्त झालेल्या माणसाचा प्रश्न मी वर लिहिला. त्याच्या बायकोला निवृत्ती कधी, हे मी आधीच्या खर्ड्यांत लिहिलेलं नव्हतं, ते या चर्चेमुळे आलं. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडताना मैत्रेयीला संपत्तीचा वाटा देऊ करतो आणि ती विचारते, की हे धन मला अमर करणार नसेल तर मी त्याचं काय करू. आपल्या परंपरेत हा प्रश्न इतक्या नेमकेपणानं बाईच्या तोंडून आला. पुढच्या शतकांत तिला तो विचारायला वेळ का मिळाला नाही, याचं उत्तर तत्त्वज्ञानाच्या इतिहासाला द्यावं लागेल. तुकोबांची शिष्या बहिणाबाई, ताराबाई शिंदे आणि बोव्हार यांच्यावरची प्रकरणं एकापाठोपाठ एक ठेवली आहेत ती त्यासाठी.

बाकीच्यांबद्दल इथे थोडक्यात. शोपेनहॉअरला आयुष्य वेदना आणि कंटाळा यांच्यामध्ये हेलकावणारं वाटलं. सहा दिवस गरजेचे आणि रविवार कंटाळ्याचा, असं तो मध्यमवर्गाबद्दल म्हणाला. त्याचा कंटाळा मला खरा वाटतो, निष्कर्ष नाही. टॉलस्टॉय पन्नाशीत, कीर्ती आणि जमीनजुमला असताना, जीव द्यायच्या विचारापर्यंत गेला, आणि शेतकऱ्यांकडे पाहून सावरला. नीत्शेचं प्रकरण मोठं आहे, तरी मन त्यात रमलं नाही हे कबूल करतो. दुबळ्यांबद्दलची त्याची तुच्छता मला ओलांडता आली नाही. व्हिक्टर फ्रांकलनं नाझी छळछावणीत राहून पाहिलं, की ज्याला जगायला कारण आहे तो तग धरतो; त्याचं म्हणणं आदरानं ऐकावं, पण छावणी बांधणाऱ्यांचा दोष त्यामुळे कमी होत नाही. थॉमस नेगलचा १९७१चा युक्तिवाद मात्र मुलांनाही आवडेल : दहा लाख वर्षांनी आपल्या आजच्या करण्याला काही महत्त्व उरणार नसेल, तर दहा लाख वर्षांनंतरच्या त्या गोष्टीलाही आज महत्त्व द्यायचं कारण नाही.

मराठीत हे सगळं नव्यानं सुरू करावं लागत नाही. अमळनेरला प्रताप शेठजींच्या आश्रयानं १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. साने गुरुजींनी काही काळ तिथे अभ्यास केला. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली १९७४ला तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड निघाले. ग. ना. जोशींनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास लिहिला, मे. पुं. रेग्यांनी वाईच्या 'नवभारत'मधून, दि. य. देशपांड्यांनी नागपूरच्या 'आजचा सुधारक'मधून कठीण विचार सोप्या मराठीत आणला. हे ग्रंथ ग्रंथालयांत आहेत आणि बऱ्याच ठिकाणी त्यांची जोडलेली पानं अजून कापून सुटी केलेली नाहीत. या पुस्तकाचा आधार तेच आहेत. माझं काम त्यांना प्रेसशॉपपर्यंत आणायचं.

वाचकांना एक विनंती. प्रकरणं क्रमानं वाचायची गरज नाही. ज्यांना सवड कमी आहे त्यांनी सिमोन वेल आणि डॉ. आंबेडकर ही दोन आधी वाचावीत, आणि जमलं तर एकट्यानं वाचू नयेत. घरात शिफ्टला जाणारं कुणी असेल, घरकाम करून थकलेलं कुणी असेल, तर त्यांना चार पानं मोठ्यानं वाचून दाखवा आणि त्यांचं म्हणणं समासात लिहून ठेवा. समास त्यासाठी रुंद ठेवला आहे. तुमची पानं माझ्यापर्यंत पोचली, तर पुढच्या आवृत्तीत ती मूळ मजकुराच्या बरोबरीनं छापीन.

कासारवाडी, पुणे ३४